उंच चालक, तान्हे मूल आणि पिकअप गाडी

इंदूरला खान नदीच्या काठी होळकरांचा लालबाग राजवाडा उभा आहे. १८८६ साली, दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत, १९२१ साली, ते पुरे झाले. त्यानंतरच्या पिढीतील महाराज यशवंतराव होळकर हे उंच, सडपातळ बांध्याचे गृहस्थ होते आणि मोटारींचे मोठे शौकीन होते. अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने १९३५ च्या सुमारास त्यांच्यासाठी बांधलेली मोटार आजही जाणकारांच्या कौतुकाचा विषय आहे. तिचे नाक लांबच लांब, डौल राजाला शोभेल असा; परंतु बसावयास जागा मात्र दोघांनाच! मोटार बाहेरून लांब असली म्हणजे आतही ऐसपैस असते, असे नाही, हा धडा त्या राजेशाही गाडीनेच घालून दिला आहे.

राजाला हा शौक परवडतो, कारण मुलाबाळांसाठी त्याच्या पागेत दुसऱ्या मोटारी असतात. संसारी माणसाचे तसे नसते. लालबागच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. घरचा कर्ता पुरुष चांगला सहा फूट उंच. चोइथराम मंडीत त्याचा बटाट्या-लसणाचा व्यवहार. घरात दहा महिन्यांचे बाळ आणि पाच वर्षांची मुलगी. सकाळी पोती वाहावयाची आणि संध्याकाळी त्याच गाडीतून मुलांना आजोळी न्यावयाचे. असा माणूस पिकअप गाडी घेण्याचा विचार करू लागतो, आणि त्यात अस्वाभाविक असे काहीच नाही.

किंबहुना या जातीच्या गाडीचा जन्मच अशा गरजेतून झाला, अशी एक कथा सांगतात. १९३२ साली ऑस्ट्रेलियातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीला पत्र धाडले. रविवारी न भिजता प्रार्थनामंदिरात जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी तिला हवी होती. लुइस बँट या तरुण आराखडेकाराने हे काम हाती घेतले आणि १९३४ साली मोटारीची केबिन व मागे मालाचा हौदा अशी गाडी तयार झाली. पती-पत्नींची सोय झाली. मुलांनी कोठे बसावे, हा प्रश्न मात्र त्या गाडीने सोडविला नाही. पुढे आसनांची दुसरी रांग असलेल्या डबल केबिनच्या गाड्या निघाल्या, तेव्हा तो अंशतः सुटला. तो पूर्णपणे का सुटत नाही, हे समजून घेतल्याखेरीज गाडीची निवड नीट होणार नाही.

बाजारात पिकअप मुख्यतः तीन प्रकारच्या दिसतात. पहिला प्रकार छोट्या मालवाहू गाड्यांचा. २००५ साली आलेली टाटा एस ही त्यांपैकी सर्वांच्या ओळखीची. तिचे इंजिन आसनांखाली असते आणि चालक अगदी पुढे बसतो. उंच माणसाचे गुडघे येथे समोरच्या फळीला भिडतात आणि पाठीमागे भिंत असल्याने आसन सरकविण्यास वाव राहत नाही. दुसरा प्रकार एकेरी केबिनच्या पिकअपचा. नाक पुढे असल्यामुळे पायांना थोडी जागा मिळते. पण मागची रांगच नसल्यामुळे मुलांसाठी ती निरुपयोगी होय. तिसरा प्रकार डबल केबिनचा. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स ही त्याची परिचित उदाहरणे. मुलांना नियमित न्यावयाचे असेल, तर विचार करावा तो या तिसऱ्याच प्रकाराचा.

परंतु खरी अडचण येथेच सुरू होते. हायलक्सची लांबी पाच मीटर बत्तीस सेंटिमीटरांच्या घरात आहे. एवढी मोठी गाडी पाहून ग्राहकास वाटते, की आत जागेला काय तोटा? पण त्या लांबीतून नाक आणि हौदा वजा केला, म्हणजे केबिनच्या वाट्याला उरते ती जागा साध्या मोटारीपेक्षा फारशी अधिक नसते. शिवाय हौद्याची भिंत मागे उभी असल्यामुळे मागच्या आसनाची पाठ ताठ ठेवावी लागते आणि बैठकही बरेचदा आखूड असते. आता उंच चालकाने आपले आसन मागे सरकविले, की त्याच्या पाठीमागची जागा आटते. आणि नेमकी तीच जागा तान्ह्या मुलाच्या आसनाला हवी असते. बाप आणि बाळ या दोघांचे भांडण वीतभर जागेसाठी आहे. आणि त्या भांडणात बोलता येत नसल्यामुळे बाळ नेहमी हरते.

बाळाला एवढी जागा लागतेच कशाला, आईच्या मांडीवर ते सुखाने बसेल, असे पुष्कळांना वाटते. याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीनमजली इमारतीवरून, खाली पडणे होय. हा वेग सेकंदाच्या दहाव्या हिश्शात शून्यावर आला, तर दहा किलोचे मूल धरून ठेवण्यास सुमारे एकशेचाळीस किलोचे ओझे पेलण्याइतके बळ लागेल. मंडीतील पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती एका क्षणात हातात पडली, तर ती कोण झेलील? आईच्या मायेला सीमा नसते. तिच्या हातांच्या बळाला मात्र असते.

म्हणून चाइल्ड सीट, म्हणजे मुलासाठी वेगळे बांधलेले आसन, हवे. तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसवितात. बाळाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने फार मोठे व जड असते आणि मान कोवळी असते. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके आघाताच्या वेळी पुढे फेकले जाते व सारा ताण मानेवर येतो. मागे तोंड असले, म्हणजे आसनाची पाठ डोके, मान आणि पाठ या तिहींना एकदम आधार देते. युरोपातील नव्या नियमानुसार बाळ निदान पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला असेच बसवावे लागते. आसनाच्या मर्यादेत असेपर्यंत पुढेही तसेच बसविणे अधिक चांगले, असे तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर पुढे तोंड असलेले, पट्ट्यांचे आसन येते. मूल आणखी मोठे झाले, की त्याला उंचवट्याच्या आसनावर बसवून गाडीचाच सीटबेल्ट लावतात. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडावर आणि वरचा भाग मानेवर न येता खांद्याच्या मध्यावर यावा, एवढ्यासाठी हा उंचवटा असतो.

या सर्व आसनांत मागे तोंड असलेले आसन सर्वांत अधिक जागा खाते. तेव्हा गाडीची परीक्षा त्या आसनानेच घ्यावयास हवी. माहितीपत्रकातील आकडे येथे उपयोगी पडत नाहीत. कारण पायांच्या जागेचा आकडा पुढचे आसन कोठे ठेवून मोजला, ते त्यात सहसा लिहिलेले नसते. दुकानात जाताना उंच चालकाने स्वतः जावे आणि घरातील चाइल्ड सीटही बरोबर न्यावी. विक्रेता क्षणभर चकित होईल. पण लाखो रुपये मोजणाऱ्याने त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम चालकाने आपले आसन ठीक करावे. क्लच किंवा ब्रेक पुरता दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा. छाती आणि स्टीअरिंगचा मध्य यांत निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर असावे, कारण एअरबॅग तेथूनच उघडते. डोके आणि छत यांमध्ये चार बोटे तरी जागा राहावी. पागोटे किंवा फेटा बांधणाऱ्याने तो बांधूनच बसून पाहावे. स्टीअरिंग वरखाली होते, तसेच ते पुढेमागेही सरकते का, हे विचारावे. लांब पायांच्या माणसाला स्टीअरिंग जवळ घेता आले नाही, तर तो हात पुरावेत म्हणून आसन पुढे ओढतो आणि गुडघे अवघडून बसतो. लांबच्या प्रवासात असा चालक लवकर थकतो, आणि थकलेला चालक हा सर्वांनाच धोका होय.

चालकाचे आसन असे पक्के झाल्यावर ते न हलविता मागे बाळाचे आसन बसवून पाहावे. ते पुढच्या आसनावर रेटले जात असेल, तर जागा अपुरी आहे, असे समजावे. आसनाचा तळ बैठकीवर नीट टेकला पाहिजे. आखूड बैठकीवरून तो फार बाहेर डोकावता कामा नये. आसनावर कललेपणाची खूण असते, ती जमिनीस समांतर यावी. पट्टा जेथून ओवला आहे तेथे धरून हलविले, तर आसन अडीच सेंटिमीटरांहून अधिक सरकू नये. ज्या गाडीत आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्या असतात, तेथे आसन थेट त्यांना अडकविता येते. त्या कड्या बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात बोटांनी चाचपून पाहाव्यात. पुढे तोंड असलेल्या आसनाला वरूनही एक पट्टा लागतो. पिकअपमध्ये त्याचे टोक बहुधा आसनामागच्या भिंतीशी असते, म्हणून ते कोठे आहे व तेथे हात पोहोचतो का, हे आधीच पाहावे.

एवढे करूनही चालकामागे जागा पुरली नाही, तर निराश होण्याचे कारण नाही. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. तेव्हा बाळाचे आसन डावीकडे, पुढे बसणाऱ्या सोबत्याच्या मागे ठेवावे. त्या सोबत्याला आसन पुढे घेता येते. चालकाला ते शक्य नसते. यात दुसराही एक लाभ आहे. डावे दार पदपथाच्या बाजूस उघडते, त्यामुळे बाळाला चढवता-उतरवताना आईची पाठ रहदारीकडे येत नाही. पाच वर्षांच्या मुलीचे आसन पुढे तोंड करून असल्याने ते कमी जागेत मावते. तिला वडिलांच्या मागे बसवावे. मात्र एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर, मागे तोंड केलेली चाइल्ड सीट कधीही ठेवू नये. तेथे रक्षणासाठी दिलेली पिशवीच बाळाच्या जिवावर उठते. गाडी उंच असल्याने पायरी आहे की नाही, तेही पाहावे. कडेवर मूल घेऊन दिवसातून चार वेळा चढणे-उतरणे कोणाच्या वाट्याला येणार आहे, त्या व्यक्तीचे मत येथे सर्वांत मोलाचे.

इंदूरजवळच पीथमपूरला मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरांचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग २०२१ साली खुला झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही योजनाही सुरू झाली आहे. तीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे आसनांत बसवून गाडी आदळवितात आणि मुलांच्या सुरक्षिततेला ४९ पैकी गुण देतात. पण ही योजना प्रवासी गाड्यांपुरती आहे. मालवाहू वर्गात नोंदलेल्या पिकअपला तिचे तारे मिळत नाहीत. म्हणून पिकअप घेणाऱ्याने एअरबॅगा किती, मागच्या तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत काय, हे स्वतः विचारावे, आणि गाडी कोणत्या वर्गात, किती माणसांसाठी नोंदली जाणार, तेही आधी जाणून घ्यावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा योग्य आसनात न बांधता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तथापि बापाने दंडाला भिऊन हे करावे, असे मुळीच नाही.

कारण मागे हौदा मोकळा दिसला, की मोह होतो. लालबागच्या मैदानावर माळवा उत्सव भरतो, लग्नसराई येते, पाहुणे वाढतात, आणि चार मुलांना हौद्यात बसविले तर काय बिघडले, असे कोणीतरी म्हणतोच. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात डोहाळजेवणासारखे मंगल कार्य आटोपून परतणाऱ्या लोकांची पिकअप उलटली आणि चौदा माणसे प्राणास मुकली. हौद्यात पट्टा नसतो, छत नसते, धरावयास आधार नसतो. पोत्याला त्याची गरज नाही, माणसाला आहे. केबिनमध्ये जेवढ्या जागा तेवढीच माणसे, हा नियम घरात पहिल्याच दिवशी ठरला पाहिजे. त्याच दिवशी दुसराही नियम ठरावा: जड वस्तू हौद्यात बांधून ठेवाव्यात, केबिनमध्ये सुट्या ठेवू नयेत.

सर्व मोजमाप करूनही बाप आणि बाळ एका केबिनमध्ये मावत नसतील, तर ती पिकअप त्या घरासाठी नव्हे, हे मान्य करावे. अशा वेळी मुलांसाठी साधी मोटार ठेवावी आणि मालासाठी टेम्पो भाड्याने घ्यावा. हिशेब मांडला तर पुष्कळदा तेच स्वस्तही पडते. महाराजांनी आपल्या मापाची मोटार बांधून घेतली. सामान्य माणसाला गाडी बांधून घेता येत नाही; पण तीत कोण कोण बसणार आहे, त्यांचे माप घेऊन ती निवडणे त्याच्या हातात असते. हे माप घेताना घरातील सर्वांत उंच माणसापासून आरंभ करावा आणि निर्णय मात्र सर्वांत लहान माणसाच्या बाजूने द्यावा.