वृक्कविकार आणि वार्धक्यातील बोधनक्षमता
अवधान, स्मरण, आकलन, नियोजन व निर्णय या मेंदूच्या कार्यांना एकत्रितपणे बोधनक्षमता म्हणतात. वयोमानानुसार ती काहीशी मंदावते. परंतु वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य दीर्घकाळ उणावलेल्या वृद्धांत हा ऱ्हास समवयस्क निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आढळतो. विचारांची गती, अवधान व नियोजन यांवर त्याचा परिणाम विशेष जाणवतो.

या संबंधाचे एक कारण रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सु. २ टक्केच असते. पण विश्रांत अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सु. १५ टक्के मेंदूला व २० ते २५ टक्के दोन्ही वृक्कांना मिळते. दोन्ही इंद्रियांतील सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त अल्प रोधाने व अखंड वाहत असल्याने उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचा आघात दोहोंवर होतो. वृक्कात केशिकागुच्छांची हानी होऊन मूत्रात अल्ब्युमीन उतरते; मेंदूत श्वेतद्रव्याचा ऱ्हास व लहान लहान रक्तरोधजन्य क्षते दिसतात. मूत्रातील अल्ब्युमीन हे म्हणूनच केवळ वृक्काचे नव्हे, तर सर्व सूक्ष्म वाहिन्यांच्या स्थितीचे निदर्शक मानतात.

वृक्क निकामी होत गेल्यास रक्तात साठणारी त्याज्य द्रव्ये मेंदूच्या कार्यात व्यत्यय आणतात. प्रगत अवस्थेत (मूत्रविषरक्ततेत) गुंगी, भ्रम व शेवटी बेशुद्धी येते. एरिथ्रोपोएटीन या हॉर्मोनाच्या अभावी होणारा पांडुरोग (रक्तक्षय) हेही एक कारण असते. वृक्कावाटे उत्सर्जित होणारी गॅबापेंटिन, बॅक्लोफेन यांसारखी औषधे नेहमीच्या मात्रेतही साठून भ्रम उत्पन्न करतात. हा भ्रम वार्धक्यातील बुद्धिभ्रंश समजला जाण्याचा धोका असतो. वस्तुतः औषध थांबविल्यास वा मात्रा घटविल्यास तो बहुधा ओसरतो.

उपचारही कधी अपायकारक ठरले आहेत. अपोहनावर (डायलिसिसवर) असलेल्या काही रुग्णांत वाचादोष, झटके व बुद्धिभ्रंश उद्‌भवल्याचे १९७२ मध्ये ॲल्फ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. १९७६ मध्ये त्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियमाचे प्रमाण वाढलेले असल्याचे दाखविले. अपोहनासाठीचे पाणी शुद्ध करण्यात येऊ लागल्यावर व ॲल्युमिनियमयुक्त औषधांचा वापर घटल्यावर हा विकार दुर्मिळ झाला. यशस्वी वृक्करोपणानंतर अनेक रुग्णांची बोधनक्षमता अंशतः सुधारते.

निदानासाठी रक्तातील क्रिएटिनिनावरून गाळणाचा वेग अनुमानतात. तो दर मिनिटाला ६० मिलि.पेक्षा (शरीरपृष्ठाच्या १·७३ चौ. मी. क्षेत्रफळामागे) कमी असा तीन महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास दीर्घकालिक वृक्कविकार मानतात. क्रिएटिनीन स्नायूंपासून निर्माण होत असल्याने कृश वृद्धांत त्याचा आकडा सामान्य दिसूनही वृक्ककार्य उणावलेले असू शकते.

रक्तदाबाचे नियंत्रण दोन्ही इंद्रियांस हितकर आहे. अमेरिकेत उच्च रक्तदाबाच्या ९,३६१ व्यक्तींवर केलेल्या ‘स्प्रिंट’ चाचणीचे बोधनक्षमतेविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आकुंचनकालीन दाबाचे लक्ष्य १४० ऐवजी १२० मिमी.पेक्षा कमी ठेवलेल्या गटात सौम्य बोधनऱ्हास कमी आढळला. बुद्धिभ्रंशातील घट मात्र सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. मधुमेहाचे नियंत्रण, धूम्रपानाचा त्याग, वेदनाशामकांचा मर्यादित वापर आणि रक्त व मूत्र यांची नियमित तपासणी हे इतर उपाय होत. वृद्धाच्या विसराळूपणाचे वा गोंधळलेपणाचे कारण शोधताना वृक्ककार्याची तपासणी व चालू औषधांचा आढावा या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.