अर्ध्या एकरात रेशीम: आधी पाला मोजा

रेशीम म्हटलं की पैठणी डोळ्यांपुढे येते. पण तिची सुरुवात होते तुतीच्या पाल्यापासून, आणि तो पाला विहिरीकाठच्या अर्ध्या एकरातही पिकतो. तुती एकदा लावली, वेळेवर छाटली, शेणखत-पाणी दिलं, की बारा-पंधरा वर्षे चालते. मात्र उन्हाळ्यात विहीर आटत असेल, तर त्या दिवसांत अळ्या घेऊ नका.

आता हिशेब. शंभर अंडीपुंजांतून सुमारे ४०,००० अळ्या निघतात. त्यांना टनभर पाला लागतो आणि २५ ते २८ दिवसांत त्या कोष विणू लागतात. सारं नीट जमलं तर साठ किलोच्या आसपास कोष मिळतात. किलोला ४०० रुपये भाव धरला तर २४,००० रुपये झाले. ३०० मिळाला तर १८,०००. खर्च मात्र दोन्ही वेळा तोच! अंडीपुंज, खत, जंतुनाशक, गाडीभाडं यातूनच जायचं. म्हणून घरची माणसं राबणारी असतील त्यांनाच हा धंदा खरा परवडतो. सगळं काम मजुरांवर सोडणाऱ्याने दोनदा विचार करावा.

बरेच जण फसतात ते पाल्याच्या अंदाजात. पहिले पंधरा दिवस अळी इवलीशी, खाणं थोडं. वाटतं, पाला पुष्कळ आहे. पण एकूण पाल्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ती शेवटच्या कातीनंतरच्या आठवडाभरात फस्त करते. तेव्हा पाला संपला तर सगळी मेहनत मातीमोल. शेजाऱ्याचा पाला आणाल, तर त्यावर फवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारा. कपाशीवरच्या औषधाचा वाऱ्याने आलेला तुषारसुद्धा अळीला मारतो. तंबाखू मळलेल्या हातांनी पाला टाकू नका.

अळ्यांचं घर वेगळं, हवेशीर हवं. खिडक्यांना जाळी लावा, नाहीतर उझी माशी आत शिरते. दर बॅचनंतर घर निर्जंतुक करायचंच, त्यात हयगय नको.

कोष घरात साठवून भाव वाढायची वाट पाहता येत नाही. दहा-बारा दिवसांत पतंग कोष भोकसून बाहेर पडतो, मग त्याचा अखंड धागा निघत नाही. पूर्वी आपल्याकडचे कोष कर्नाटकात रामनगरला जायचे. २०१८ पासून जालन्यातही खरेदी होऊ लागली. गावातल्या पाच-सहा घरांनी एकाच वेळी अंडीपुंज घेतले तर एक गाडी पुरते. रोपं सांगण्याआधी जिल्हा रेशीम कार्यालयात नोंदणीची चौकशी करा आणि जवळपासची एखादी चालू बॅच शेवटच्या आठवड्यात जाऊन बघा.