इतिहासकाराची कसोटी

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लक्ष माणसांचा समुदाय लोटला होता. त्यात क्लेबोर्न कार्सन नावाचा एकोणीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण त्याने ऐकले. परंतु त्याचे मन ओढ घेत होते ते दक्षिणेत खेडोपाडी मतदारनोंदणी करीत हिंडणाऱ्या आणि तुरुंगवास सोसणाऱ्या आपल्याच वयाच्या तरुणांकडे. विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीचे हे कार्यकर्ते. किंग यांच्यावर टीका करण्यासही ते कचरत नसत.

पुढे कार्सन इतिहासाचे अध्यापक झाले आणि १९८१ साली या समितीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चळवळ सामान्य जनांनी उभी केली, एकट्या नेत्याने नव्हे, हे त्यांचे मत. अशा माणसाला १९८५ साली श्रीमती कोरेटा किंग यांनी आपल्या दिवंगत पतीच्या कागदपत्रांचे संपादन करण्यास पाचारण करावे, हा एक योगच म्हणावयाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात हे काम सुरू झाले.

संपादकाचे काम म्हणजे पत्रे व भाषणे जमवून छापणे, एवढेच नव्हे. प्रत्येक वाक्याचे मूळ शोधावे लागते. हा शोध घेत असता किंग यांनी १९५५ साली बोस्टन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात इतरांच्या लेखनातील उतारेच्या उतारे, श्रेय न देता, उतरलेले आढळले. ज्याचा गौरव करावयाचा त्याचाच हा दोष! आणि किंग यांची पत्नी तर या कार्याची आधारस्तंभ. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून फुटली. ती जाहीर करण्यास विलंब लावला, असा ठपका कार्सन यांच्यावर आला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. १९९१ साली विद्यापीठाच्या समितीने दोष मान्य केला. पदवी मात्र काढून घेतली नाही. १९९४ च्या दुसऱ्या खंडात तो प्रबंध छापला गेला, आणि कोणता मजकूर कोठून आला हे टिपांतून दाखविले गेले. झाकण्याची संधी असताना संपादकांनी ती घेतली नाही, हे विसरता कामा नये.

त्यानंतरही श्रीमती किंग यांचा विश्वास ढळला नाही. १९९७ मध्ये त्यांच्या घराच्या तळघरातील पेट्या संपादकांपुढे उघडण्यात आल्या. त्यांत किंग यांची प्रवचनांची टिपणे होती. राजकीय पुढारी म्हणून जगाला ठाऊक असलेला हा पुरुष मुळात धर्मोपदेशक होता आणि दारिद्र्य व युद्ध यांविषयीची त्याची कळकळ मॉन्टगोमेरीच्या १९५५ च्या बस-बहिष्कारापूर्वीचीच होती, हे त्यांवरून दिसून आले. २००७ साली ही प्रवचने सहाव्या खंडात प्रकाशित झाली.

पाचव्या खंडात १९५९ च्या भारतयात्रेची कागदपत्रे आहेत. त्या प्रवासात किंग दांपत्य मुंबईस मणिभवनात, गांधीजींच्या वास्तूत, उतरले होते.

२०१४ पर्यंत सात खंड बाहेर पडले. कार्सन २०२० साली निवृत्त झाले, तेव्हा किंग यांच्या अखेरच्या वर्षांचे खंड निघावयाचे राहिले होते.