जाहिरातवाल्यांचा सिनेमा

मंगरूळपीरच्या यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा, तेव्हा आम्ही मुलं अर्धा तास आधीच जाऊन बसायचो. चित्रपटाआधी दंतमंजनाच्या, साबणाच्या जाहिराती लागायच्या आणि त्या आम्हाला तोंडपाठ असायच्या. जाहिराती करणारेच पुढे चित्रपटही काढतात, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

त्याचं ठळक उदाहरण मुंबईच्या ‘ब्लेझ’चं. चित्रपटगृहांना जाहिरातपट पुरवणं हा या कंपनीचा धंदा. साबणवाल्याकडून पैसे घ्यायचे, त्याची फीत ठिकठिकाणी पोचवायची आणि पडद्यावरच्या वेळेचा मोबदला चित्रपटगृहाच्या मालकाला द्यायचा. चित्रपटगृहवाल्यांशी रोजचा संबंध, हातात पैसा. मग आपलाच चित्रपट का काढू नये?

श्याम बेनेगलही जाहिरातींतलेच. १९५९ मध्ये ते मुंबईच्या लिंटासमध्ये जाहिरातींचा मजकूर लिहू लागले. पुढे शेकडो जाहिरातपट आणि माहितीपट केले. ‘अंकुर’ची गोष्ट त्यांच्याजवळ कॉलेजच्या दिवसांपासून होती, पण निर्माता मिळत नव्हता. शेवटी पैसा ‘ब्लेझ’नं घातला. १९७४ मध्ये ‘अंकुर’ आला, १९७५ मध्ये तेंडुलकरांनी लिहिलेला ‘निशांत’ आणि १९७७ मध्ये हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेला ‘भूमिका’.

आपल्या रेडिओलाही हे नातं नवं नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात साबण कंपन्यांसाठी जाहिरात संस्थाच रेडिओ मालिका तयार करत. ‘सोप ऑपेरा’ हे नाव त्यातूनच आलं. आपल्याकडे विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूरहून.

तेव्हा पैसा जाहिरातीचा म्हणून गोष्ट खोटी, असं मी म्हणणार नाही. ‘अंकुर’च्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावतो. माल खपवायला निघालेल्या कुणी असा शेवट मागितला नसता. तरी तो चित्रपटात राहिला, हे मला मोठं वाटतं.

कारण माझा अनुभव वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी एका जाहिरात कंपनीनं बियाण्यांच्या प्रचारासाठी माझ्याकडून दहा मिनिटांच्या फितीची गोष्ट लिहून घेतली. माझ्या गोष्टीत बोंडअळीनं कपाशी जाते आणि शेतकऱ्याची बायको बकऱ्या विकते. त्यांनी सांगितलं, “बाकी सगळं छान आहे भाऊ, फक्त शेवटी शेतकरी हसला पाहिजे. हातात आपली थैली.” मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. मी शेवट बदलून दिला.

गावात ती फीत दाखवली, तेव्हा शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, “भाऊ, ह्या माणसाची कपाशी गेली, बकऱ्या गेल्या, अन् हा काऊन हसून राह्यला?”

मी त्याला काहीच सांगू शकलो नाही. आता कुणी गोष्ट मागायला आलं, की मानधनाआधी मी एवढंच विचारतो, शेवट कोण ठरवणार?