वजन सारखं, डोस वेगळा

किडनी बसवून घेतलेल्या बालाघाटच्या माणसाची नागपूरची वारी सुटत नाही. टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली ‘लेव्हल’ पुन्हापुन्हा तपासावी लागते. ओपीडीच्या बाकावर मग प्रश्न निघतोच: वजन दोघांचं सारखं, तर याला दिवसाला चार मिलिग्रॅम आणि मला आठ का?

उत्तर बहुतेक वेळा जनुकात असतं. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. नवी किडनी परकी समजून शरीर तिच्यावर चाल करून जातं, त्याला ते आवर घालतं. कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं. जास्त झालं तर हात थरथरतात, साखर वाढते आणि ज्या किडनीसाठी एवढा खटाटोप, तिलाच इजा होते.

गिळलेलं टॅक्रोलिमस आतड्यात आणि यकृतातच मोडायला लागतं. ते मोडणारं एक एन्झाइम म्हणजे सीवायपी३ए५. आईवडिलांकडून आलेल्या त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी चालू असली, तरी औषध झपाट्याने संपतं. युरोपीय वंशात अशी माणसं दहात एक-दोन. भारतीयांत पुष्कळ जास्त. सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशा माणसांना सुरुवातीचा डोस नेहमीच्या दीडपट ते दुप्पट लागतो. किडनी आईची असो की बायकोची, हिशेब मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या आतड्याचा आणि यकृताचा.

मग सगळ्यांचीच जनुक-चाचणी करायची का? फ्रान्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुक पाहून डोस दिल्यावर लेव्हल लवकर जागेवर आली. पण किडनी नाकारली जाण्याचं प्रमाण घटलं नाही. चाचणी परवडली नाही म्हणून कुणी हळहळू नये, असं मला वाटतं. याच कामाचं अझाथायोप्रिन हे औषध सुरू करायचं असेल तर मात्र एनयूडीटी१५ ची चाचणी मोलाची. या जनुकातला दोष युरोपपेक्षा आपल्याकडे बराच जास्त आढळतो, आणि तो असला की नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात.

लेव्हल चुकवू नये, आणि तिच्यासाठी रक्त वेळेवर द्यावं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमारास, सकाळची गोळी घेण्याआधी. पहाटे नागपूरसाठी गोंदियाची गाडी पकडताना सवयीने गोळी तोंडात टाकली की आकडा फुगतो आणि फेरी वाया जाते. ती खिशात ठेवावी, रक्त दिलं की घ्यावी. आणि गावात कुणी टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर सुरू करण्याआधी आपल्या किडनीच्या डॉक्टरांना फोन करावा. पहिलं लेव्हल पाडतं, दुसरं चढवतं, मग जनुकं कुठलीही असोत.