हिमातली हवा

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात सुमारे ४,२०० मीटर उंचीवर किब्बर नावाचं गाव आहे. ऐन थंडीत तिथे हिमबिबट्याच्या मागावर छायाचित्रकार येतात, त्यांत पुण्या-मुंबईचेही असतात. २०१९ ते २०२३ या काळातल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या हिमबिबट्यांची संख्या ७१८ निघाली, त्यांतले हिमाचलात ५१. तेव्हा तो दिसेलच अशी हमी कोण देणार? पण रात्रभर बर्फ पडून सकाळी आभाळ उघडलं, की बिबट्यावाचूनही पाहण्या-ऐकण्यासारखं बरंच असतं, आणि त्यातल्या बहुतेकाचं कारण एकच. ताज्या हिमात बर्फ थोडा आणि हवा फार. भरीव बर्फाचा एक घनमीटर ९०० किलोहून जास्त भरतो. नुकतं पडलेलं हिम तेवढ्याच जागेत बहुधा ५० ते १०० किलो. उरलेली सगळी जागा स्फटिकांच्या फांद्यांत अडकलेल्या हवेची.

आधी कानाला जाणवते ती शांतता. ध्वनिलहर हिमावर आदळते तेव्हा त्यातल्या असंख्य सूक्ष्म पोकळ्यांत शिरते. तिथली हवा पुढेमागे हलते, पोकळ्यांच्या भिंतींशी घासते आणि लहरीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विरून जाते. परत येणारा आवाज क्षीण होतो. उंच पट्टीचे आवाज तर जास्तच. (माणसं घरात आणि गाड्या जागच्या जागी, हाही या शांततेतला मोठा वाटा, सगळं श्रेय हिमाला देऊ नये.) गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत हेच हिम बुटाखाली करकरतं. पारा उणे दहाच्या खाली असला, की दाबाखालचे कोरडे स्फटिक एकमेकांवर घासतात, मोडतात. सगळीकडे सामसूम असताना आवाज करणारे आपणच. भरल या रानमेंढ्यांचा कळप जवळ असेल तर तो मान वर करून बघणारच.

डोळ्यांआधी फसतो तो कॅमेरा. बर्फाचा कण स्वतः पारदर्शक असतो. हवेतून बर्फात, बर्फातून हवेत असं शिरताना प्रकाश दर सीमेवर वळतो, उसळतो, आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच परत येतात. म्हणून हिम पांढरं. ताजं हिम पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परतवतं. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मात्र समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, असं धरून चालतो. एवढा उजेड पाहून तो प्रकाश कमी घेतो आणि शुभ्र डोंगर राखाडी उमटतात. उपाय सोपा: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक एक ते दोन ठेवायचं आणि हिस्टोग्रामवर नजर ठेवायची. सावल्या निळ्या आल्या तर घाबरू नये. तिथे थेट ऊन नसतं, निळ्या आकाशाचा उजेड तेवढा असतो. सावल्यांतला तो निळा रंग संगणकावर पुसून टाकणारे मला तरी कळलेले नाहीत.

हवा उष्णता सहजी वाहू देत नाही. त्यामुळे रात्री बाहेर उणे वीस असलं तरी जाड थराखालची जमीन शून्याच्या आसपास राहू शकते. ही गोधडी डोंगरउतारांवरच्या छोट्या प्राण्यांना तारते. पिका हा सशाच्या गणातला, मुठीएवढा प्राणी. तो शीतनिद्रा घेत नाही. उन्हाळ्यात साठवलेल्या गवतावर दगडांच्या फटींत आणि हिमाखाली हिवाळा काढतो.

वरच्या पृष्ठभागावर मात्र रात्रीची सगळी ये-जा नोंदलेली असते. हिमबिबट्याचे पंजे रुंद आणि केसाळ. वजन विभागलं जाऊन तो कमी रुततो. सकाळचं तिरकं ऊन असताना हे ठसे टिपावेत, कडांच्या सावल्यांमुळे खोली दिसते. ठशाखालचं हिम दाबलं जातं, हवा निघून जाते आणि ते घट्ट होतं. पुढे वाऱ्याने भोवतालचं भुरभुरीत हिम उडवून नेलं, की कधी कधी खड्ड्याच्या जागी उंचवटे उभे राहतात, पंजाच्या आकाराचे!

ताज्या हिमाची ही अवस्था फार टिकत नाही. वितळण नसली तरी स्फटिकांच्या फांद्या झिजून गोल होतात, कण एकमेकांना चिकटतात, थर खचतो. ऊन आणि रात्रीचा गारठा मिळून त्यावर कडक कवच चढवतात. मग तोच पृष्ठभाग आवाज गिळण्याऐवजी परतवू लागतो आणि लांबचं बोलणंही स्पष्ट ऐकू येतं.