पहिली पन्नास मिनिटं

सायकोडायनॅमिक थेरपीला पहिल्यांदा येणारा माणूस सल्ला मिळेल या आशेनं बसतो. सल्ला मिळत नाही. "मनात येईल ते बोला," एवढं म्हणून थेरपिस्ट गप्प होतो. पंख्याचा आवाज मोठा वाटू लागतो, हातातल्या रुमालाची चार वेळा घडी होते. ही शांतता अंगावर येणं स्वाभाविक आहे.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, ठरल्या वेळी. कोचावर आडवं व्हावं लागतंच असं नाही. बहुतेक ठिकाणी समोरासमोर खुर्च्या असतात. ही थेरपी ज्याच्या मनोविश्लेषणातून निघाली, त्या फ्रॉइडचा प्रसिद्ध कोच आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

काही आठवड्यांनी वेगळंच घडू लागतं. थेरपिस्ट सुट्टीवर जाणार म्हटल्यावर पेशंटला राग येतो, आणि बोलता बोलता उलगडतं, की हा राग आजोळी सोडून निघून जाणाऱ्या आईवरचा आहे. जुन्या नात्यातली भावना नव्या माणसावर येऊन बसते, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. १९०० मध्ये 'डोरा' या टोपणनावाची तरुणी अकरा आठवड्यांत फ्रॉइडचे उपचार सोडून गेली. ट्रान्सफरन्स आपल्याला वेळेत हाताळता आला नाही, हे त्यानं १९०५ मध्ये स्वतःच लिहिलं. म्हणून थेरपिस्टचा राग आला तर तो त्यालाच सांगावा; मनात ठेवून भेटी बंद करू नयेत.

सुरुवातीला काहींना जास्तच उदास वाटतं. तेही सांगावं, आणि जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच.